३३०२३: चाचांच्या स्पेक्ट्रमचं दुखणं अखेर सापडलं

आज सकाळी सहा वाजता बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. रात्रभर गार पडलेल्या मशीनचं बटण दाबलं आणि पहिल्याच वेळी ६५५३५, म्हणजे मेमरी शेवटच्या पत्त्यापर्यंत हजर. सलग अकरावी सकाळ. आता लिहायला हरकत नाही.

मिरकरवाड्यातल्या चाचांचा हा स्पेक्ट्रम प्लस (टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक) तुमच्या ओळखीचा आहे. १९८५ साली त्यांच्या थोरल्या भावाने कुवेतहून आणलेला, पुढे कित्येक वर्षं माळ्यावर पडलेला. टीआर४ हा ट्रान्झिस्टर बदलला, १२ व्होल्ट परत आले, खालची १६ के मेमरी बोलायला लागली, इथवर मे महिन्यात लिहिलं होतं. राहिला होता वरच्या ३२ केचा लपंडाव. सकाळी मशीन लावून

प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३

विचारलं (मशीनला मेमरी कोणत्या पत्त्यापर्यंत सापडली ते यातून कळतं) की ६५५३५ च्या जागी तेहतीस हजारांच्या घरातला आकडा यायचा. वीस-पंचवीस मिनिटं तसंच चालू ठेवून रीसेट केलं की सगळी मेमरी हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी रत्नागिरीत राहतो. इथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, बिजागऱ्या गंजून दारं कुरकुरतात. अशा ठिकाणी सकाळी बंद आणि तापल्यावर चालू असं यंत्र समोर आलं की मनात एकच नाव येतं: दमट हवा. तिच्यामागे मी जून आणि जवळजवळ अख्खा जुलै घालवला. यूएलए (पडदा, कीबोर्ड सांभाळणारी चिप) आणि रॉम सॉकेटमधून काढून त्यांचे काळवंडलेले पाय फायबरच्या ब्रशने चकचकीत केले. सिलिका जेलच्या पुड्यांसह मशीन हवाबंद डब्यात ठेवलं. कपाटात बल्ब लावून ते रात्रभर उबदार ठेवलं (त्यासाठी जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब शोधत तीन दुकानं फिरलो, एलईडीने कपाट तापत नाही). डब्यातून काढलं की बिघाड तसाच. कपाटातून काढलं की मात्र पहिल्या झटक्यात ६५५३५! माझी खात्रीच पटली की हवा कोरडी झाल्यामुळे हे झालं. खरं तर बल्बने दोन गोष्टी केल्या होत्या. हवा कोरडी केली आणि बोर्ड गरम केला. यातलं दुसरं माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग रॅम. वरच्या मेमरीच्या ४५३२ चिपेच्या जागी ४१६४ चालते, म्हणून आठ चिपा ऑनलाइन मागवल्या. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण ॲसिटोनचा बोळा फिरवताच चिपेवरचा काळा रंग बोळ्यावर उतरला आणि खालून दुसराच नंबर वर आला. आठच्या आठ कचऱ्यात. त्यानंतर लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या दुकानातून जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चार घेतल्या. पाय आखूड होते, पण माल खरा. माझं मत आता पक्कं झालंय: चाळीस वर्षांपूर्वीची चिप 'एकदम नवी' म्हणून चकाचक छापून येत असेल तर घेऊ नका, उपटून काढलेली बरी. चारही बसवल्या. सकाळचा आकडा तसाच.

वळण आलं ते भलत्याच कामातून. पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर ७८०५ इतका तापायचा की कीबोर्डच्या एका अंगाला हात ठेववत नसे, म्हणून त्याच्या जागी स्विचिंगवाला छोटा मॉड्यूल बसवला. बोर्ड गारेगार झाला. आणि त्या दिवसापासून मेमरी दुपारीही येईना! सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री नाही. मॉड्यूलनेच काहीतरी जाळलं असं वाटून मी दोन दिवस पाच व्होल्टची लाइन तपासत बसलो. ती तर आधीपेक्षा स्वच्छ होती.

दोन दिवसांनी पहाटे भावाला आणायला स्टेशनवर गेलो. कोकणकन्या लेट होती. सोबत वही होती, रोजचे आकडे टिपलेली. बाकावर बसून ती चाळताना पहिल्यांदाच ते आकडे नीट वाचले. आजवर मी फक्त '६५५३५ नाही' एवढंच बघत होतो. वरची मेमरी पूर्ण मेली असती तर ३२७६७, म्हणजे खालच्या मेमरीचा शेवटचा पत्ता, यायला हवं. माझ्या वहीत प्रत्येक नापास सकाळी ३३०२३ होतं, एकदाही त्यात फरक नव्हता. दमट हवेचा आकडा इतका नेमका कसा असेल?

३३०२३ मधून ३२७६७ गेले, उरले २५६. म्हणजे दोनचा आठवा घात.

रॉमची चाचणी कशी चालते ते आठवा. आधी सगळ्या मेमरीत २ भरायचे, मग खालून वर जात प्रत्येक घरातून दोनदा एक वजा करायचा आणि दुसऱ्या वजाबाकीला शून्य आलं तरच पुढच्या घरात जायचं. एखादी ॲड्रेस लाइन (पत्त्याचा एक बिट नेणारी वाट; त्यांची नावं ए०, ए१, ए२ अशी) तुटलेली असेल तर दोन वेगळे पत्ते एकाच घरात पोचतात. ते घर पहिल्या फेरीत आधीच शून्य झालेलं असतं, दुसऱ्यांदा तिथे गेल्यावर शून्य येत नाही, चाचणी थांबते. पहिली २५६ घरं पास आणि त्यापुढचं नापास, याचा अर्थ ए८. मशीन सकाळी कॉपीराइटची ओळ जरा लवकर दाखवतं असं मला वाटायचं तेही यामुळेच, चाचणी अर्ध्यावर सुटत होती.

तुमच्याकडे असं मशीन आलं तर आलेल्या आकड्यातून ३२७६७ वजा करून बघाच. १ उरला तर ए०, २ तर ए१, ४ तर ए२, असं करत १६३८४ उरले तर ए१४. एक सावधगिरी: चाचणीत भरलेला २ हा आकडा फक्त बिट १ वर बसतो, त्यामुळे त्या एकाच चिपेचा ॲड्रेसचा पाय सुटला असेल तरी असा नेमका आकडा येऊ शकतो. खात्री करायला मी पोक ३३१५६,१७० करून, म्हणजे एका पत्त्यावर १७० घालून, पीक ३२९०० ने २५६ घरं अलीकडे काय आहे ते विचारलं. १७० आलं. ८५ घालून पाहिलं, ८५ आलं. आठही बिटं एकत्र भरकटत होती, म्हणजे चिपा निर्दोष आणि दोष त्यांच्याही आधी.

रॉमला ए८ मिळत होती, नाहीतर मशीन उठलंच नसतं. खालची मेमरीही ठीक. उरला तुकडा फक्त वरच्या रॅमच्या ७४एलएस१५७ कडे (रॅमला पत्ता पोचवणाऱ्या चिपेकडे) जाणारा. मीटरची एक सुई झेड८० या प्रोसेसरच्या ३८ नंबरच्या पायावर (तिथून ए८ निघते), दुसरी १५७ च्या पायावर. आवाज नाही. बायकोचा हेअर ड्रायर आणला, वाटेवर गरम हवा सोडली. पंधरा, वीस, पंचवीस... आणि मीटर 'टीं' करून वाजायला लागलं. ड्रायर बंद केला. थोड्या वेळाने आवाज तुटत तुटत थांबला. ते मी सात-आठ वेळा केलं. दुसऱ्यांदाच खात्री पटली होती, पुढच्या वेळी केवळ आनंदासाठी केलं.

जागा कुठली म्हणाल तर, मशीन पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत पालीच्या अंड्यांची दोन रिकामी कवचं चिकटलेली होती, ते लिहिलं होतं. कवचं मी तेव्हा खरवडून काढली, खालचा डाग तसाच ठेवला. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तसा त्या डागाखाली तांब्याला हिरवा कळंक चढला होता. भिंगाखाली पाहिलं तर बोर्डाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारं टाचणीच्या टोकाएवढं भोक, कडेला हिरवी भुकटी, आणि भोवतालच्या तांब्याच्या कड्याला केसासारखी चीर. बोर्ड तापला, फुगला की चीर मिटायची. गार झाला की उघडायची.

आईने कोकमाच्या साली पुढे केल्या, तिचे तांबे-पितळ त्यांनीच लखलखतं. तांब्याला त्या उत्तमच, पण आंबटपणा बोर्डात मुरला तर नवं दुखणं, म्हणून आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश. भोक कोरून साफ केलं, त्यातून ३० गेजच्या तारेचा एक पदर ओवला, दोन्हीकडे टाका. माझी २५ वॅटची सोल्ड्रॉन आणि साधी ६०/४० सोल्डर या कामाला पुरली. शिसं नसलेली सोल्डर अशा जुन्या, उचकटायला टेकलेल्या तांब्यावर मी कधीच वापरणार नाही, तिला लागणारी जास्तीची उष्णताच कडी उचलून देते.

६५५३५. गार मशीनवर.

पुढचं काम कीबोर्डचा मेम्ब्रेन आणि मग सगळ्या बोर्डावर लॅकरचा थर, गणपतीला मुंबईची पोरं यायच्या आत, असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की लॅकर आता नको. त्याच डागाच्या आसपास आणखी पाच-सहा भोकं आहेत. आधी वरच्या रॅमच्या पंधराही लाइनी गार आणि गरम अशा दोन्ही वेळी मीटरवर तपासायच्या, मगच थर. नाहीतर कळंक आतच कोंडला जाईल. मेम्ब्रेन थांबू शकतो, अजून फक्त 'पी' ची कळ दाबून धरावी लागते.

आणि दुसरं एक काम मध्येच उभं राहिलंय. रविवारी चाचांना मशीन दाखवायला बोलावलं. ते ६५५३५ कडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग माझी कॅसेट चालेल की आता." शाळेत असताना त्यांनी पडद्यावर देवनागरी काढायचा प्रोग्राम लिहिला होता. स्पेक्ट्रम एका वेळी २१च अक्षरं आपल्या मनाची घेऊ देतो, म्हणून त्यांनी ५०००० च्या पुढे अक्षरांचे तीन संच ठेवून २३६७५ वरचा पत्ता बदलत बदलत ती वापरली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने, मिरकरवाड्यात, फक्त मशीनसोबतच्या पुस्तकावरून! आजवर ती कॅसेट लावण्यात अर्थच नव्हता, मशीनकडे ५०००० हा पत्ता भरवशाचा नव्हता.

कॅसेट त्यांनी सोमवारी आणून दिली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी. मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून हाताने फिरवत ती दोनदा गुंडाळून घेतली, हेड पुसला आणि एकदाच वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, म्हणजे फीत पुन्हा घासायला नको. काल रात्री चाचांच्या समोर ते रेकॉर्डिंग इअर सॉकेटमध्ये सोडलं. बॉर्डरवर लाल-निळसर पट्टे स्थिर झाले, क्षणभर निळे-पिवळे चमकले आणि पडद्यावर उमटलं, प्रोग्राम: अक्षर१, रोमन लिपीत. चाचा खुर्ची ओढून पुढे झाले. दीड मिनिट पट्टे नीट धावले आणि मग आर टेप लोडिंग एरर.

रेकॉर्डिंगचा आलेख उघडून पाहिला. त्या ठिकाणी दोनेक सेकंद आवाज बसलाय, पण लाटा दिसतायत, तुटलेल्या नाहीत. हेडचा कोन थोडा फिरवून फीत आणखी एकदा वाजवायची की आहे त्याच रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग हाताने उचलायचा, हे ठरवतोय. चाचा म्हणतात, फिरव कोन. मी आधी आलेखावर बसणार आहे. कुणी असं केलं असेल तर तेवढ्या तुकड्यावर आवाज किती वाढवला ते कळवा.