आमची वाटचाल: मामांच्या डोक्यातलं कागदावर आणताना

२००९ ला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक सेकंडहँड सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी लेथ, टाकली तेव्हा काही लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता, कारण मशीनवर काम बसवून देणारा सेटर मी, ऑपरेटर मी, रात्री चलन लिहिणारा मी आणि सकाळी फाउंड्रीतून कास्टिंग आणायला टेम्पोत बसणारा पण मीच. कुठला इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) कुठल्या जॉबला चालतो, कुठल्या फाउंड्रीचं कास्टिंग कडक येतं, सगळं डोक्यात. एकट्याचा धंदा असाच चालतो आणि त्यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

२०१३ पर्यंत तीन मशीन आणि नऊ माणसं झाली. तेव्हा मामा आले. आयटीआय करून मी ज्या कारखान्यात अप्रेंटिस होतो तिथं ते सेटर होते, मला टूल धरायला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळं मी मालक झालो तरी ते मला अरेतुरेच करतात आणि मला ते आवडतं. ते आले आणि मी मशीनवरून उठून ऑर्डर आणायला बाहेर पडू शकलो. आमची वाढ झाली ती खरं म्हणजे तिथून. पण त्याच दिवसापासून माझ्या डोक्यातलं सगळं त्यांच्या डोक्यात गेलं एवढंच झालं, कागदावर काहीच आलं नाही. मामा सुट्टीवर असले की दिवसातून आठ दहा फोन. गडहिंग्लजला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं तर अक्षता पडायच्या आधी दहा मिनिटं ते मांडवामागं उभे राहून पोराला सांगत होते, एक्समध्ये वीस मायक्रॉन घे, घाई करू नको. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलेलं. आता वाटतं की त्या माणसाला आम्ही लग्नात पण नीट जेवू दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल डॉक्युमेंटेशन नव्हतंच का. होतं की. २०१४ ला एका मोठ्या गिऱ्हाइकानं सांगितलं आयएसओ ९००१ हे क्वालिटीचं सर्टिफिकेट असल्याशिवाय नवीन पार्ट देणार नाही, मग कन्सल्टंट आले आणि दोन महिन्यांत इंग्रजीतल्या तीन जाड फायली तयार. त्यावेळच्या २००८ च्या आवृत्तीत लेखी प्रोसिजर सक्तीच्या होत्या फक्त सहा, कागदपत्रांचा कंट्रोल, रेकॉर्ड, इंटर्नल ऑडिट, नापास मालाचं काय करायचं, करेक्टिव्ह अ‍ॅक्शन आणि प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन. आमच्या फायलीत बेचाळीस होत्या. सर्टिफिकेट आलं, फ्रेम करून लावलं, फायली ऑफिसच्या कपाटात गेल्या आणि वर्षातून एकदा ऑडिटच्या आदल्या दिवशी धूळ पुसायला बाहेर यायच्या.

मग २०१६ चा तो लॉट. ज्यांची मशीन शॉप आहे त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांनी जरा सांभाळून घ्या, कारण सगळी गोष्ट याच्यावरच आहे. कास्ट आयर्नचा पातळ भिंतीचा हाउसिंग, त्यात ६२०६ बेअरिंग बसतं म्हणजे बोअर, आतलं गोल भोक, ६२ मिलिमीटर एच ७, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक शून्य ते अधिक ३० मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मामा आधी अख्ख्या लॉटचं रफिंग, म्हणजे पहिलं जाड कटिंग, जॉब धरणाऱ्या चकला १८ किलो प्रेशर ठेवून काढायचे, मग मशीनमागचा नॉब फिरवून प्रेशर ८ वर आणायचे आणि तेव्हाच फिनिश कट, म्हणजे शेवटचा बारीक कट, घ्यायचे. का, तर पातळ जॉब चकच्या तीन जॉंनी, म्हणजे पकडींनी, जोरात आवळला की तो जॉच्या जागी आत दबतो, त्या दबलेल्या अवस्थेत तुम्ही बोअर गोल करता, आणि चक सोडला की दबलेली जागा परत बाहेर येते, म्हणजे बोअर तीन ठिकाणी फुगलेला आणि मधे तीन ठिकाणी आत आलेला. आणि वाईट म्हणजे फुगलेल्या जागेच्या बरोबर समोर आत आलेली जागा येते, त्यामुळं दोन टोकांत मोजणाऱ्या बोअर गेजला व्यास बरोबरच दिसतो!

मामांची आई गेली म्हणून ते अचानक गावी गेले. रफिंग झालेलं होतं. दुसऱ्या शिफ्टच्या पोरानं प्रोग्रॅम लावला, टूल लावले, प्रत्येक जॉब बोअर गेजनं चेक केला, रजिस्टरला आकडे लिहिले, सगळं मनापासून केलं. फक्त मशीनमागचा नॉब फिरवायचा असतो हे त्याला माहीतच नव्हतं, ते ना ड्रॉइंगवर होतं ना प्रोग्रॅममध्ये. १८० नग गेले आणि गिऱ्हाइकाकडं बेअरिंग बसेनात. सगळा लॉट परत. कास्टिंगचे पैसे आमच्या बिलातून वळते झाले ते वेगळंच.

त्या दिवशी मी कपाटातली फाइल काढून त्या पार्टचं पान उघडलं. तिथं लिहिलेलं, क्लॅम्प द जॉब प्रॉपर्ली. बस. त्या पोराला मी एक शब्द बोललो नाही, बोलायला तोंडच नव्हतं मला. आणि मामांना त्या दिवसांत फोन करायचा नाही एवढी तरी अक्कल आम्ही दाखवली.

मग मी दुसरी चूक केली. पेटून उठलो आणि ठरवलं की आता सगळंच लिहायचं, साठच्या साठ पार्ट. रोज रात्री बसायचो, आठवडाभरात अकरा झाले आणि त्यातल्या चारांची पद्धत महिनाभरात बदलली कारण ते जॉबच नवीन होते, अजून बसले नव्हते. जॉब बसायच्या आधी लिहिलं की आपण आपले अंदाज लिहितो आणि मग लोक त्या कागदावर विश्वास ठेवायचं सोडतात, एकदा सोडला की परत बसत नाही. तेव्हापासून आमच्याकडं असं आहे की पहिल्या लॉटला काही लिहायचं नाही, सेटरच्या डायरीत पेन्सिलीनं टिपण आणि मोबाइलवर फोटो एवढंच. दुसऱ्या लॉटला ती डायरी उघडून चालतं का बघायचं. तिसऱ्यांदा ऑर्डर आली की मगच सेटिंग शीट, म्हणजे तो जॉब मशीनवर कसा लावायचा त्याचा कागद. एकदाच येणाऱ्या जॉबची शीट कधीच करत नाही. याला एकच अपवाद ठेवलाय, एखाद्या कामासाठी सुट्टीवरच्या माणसाला दोनदा फोन गेला तर ते काम त्याच आठवड्यात लिहायचं, मग लॉट पहिला असो का पाचवा.

आता कसं लिहायचं. मामांना लिहायला बसवलं तर दोन तासांत तीन ओळी, आणि त्यांना जे सांगण्यासारखं वाटतच नाही तेच नेमकं महत्त्वाचं असतं, नॉब फिरवणं हे त्यांच्यासाठी श्वास घेण्यासारखं होतं. मग डिप्लोमा करून अप्रेंटिस म्हणून आलेली एक मुलगी होती तिला त्यांच्या शेजारी उभं केलं, ते सेटिंग करणार, ती बघणार आणि प्रत्येक हालचालीला विचारणार, मामा हे का? तिनं लिहिलेली शीट मग एका तिसऱ्याच ऑपरेटरच्या हातात दिली आणि मामांना सांगितलं तुम्ही हात मागं बांधून उभं राहायचं, बोलायचं नाही. पहिल्या शीटला ते अकरा वेळा बोलले. अकराही वेळा तिनं मान खाली घालून एक एक ओळ वाढवली. आजही आमची शीट अशीच पास होते, मामा गप्प राहिले की.

शीट एकच पान, मराठीत, लॅमिनेट करून मशीनलाच लटकवलेली. निम्मी पोरं बिहार, ओडिशाची आहेत म्हणून फोटो जास्त, जॉ कुठले, टरेटवर, म्हणजे टूल धरणाऱ्या फिरत्या चाकावर, कुठल्या नंबरला कुठलं टूल, इन्सर्टचा डबा, प्रेशरच्या काट्याचा फोटो. आणि उजवीकडं एक रकाना आहे त्याचं नाव "का". तो मामांच्या हट्टानं आला. ते म्हणाले, "अरे कारण लिहिलं नाहीस तर पुढचा पोरगा हुशार असला की बदलणार, आणि नसला की घाबरून काहीच बदलणार नाही." खाली तारीख आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, म्हणजे ड्रॉइंग कितव्यांदा सुधारलेलं आहे ते, असतोच, कारण एकदा जुन्या रिव्हिजनची शीट मशीनवर तशीच राहून एक छिद्र चुकीच्या जागी गेलं होतं.

एक गोष्ट सांगायला जड जातं पण सांगतो. तिसऱ्या चौथ्या शीटच्या वेळी मामा चहाच्या वेळेला मला म्हणाले, "सगळं लिहून घेतलंस की मग माझं काय काम?" मला त्यांच्या बाजूनं विचार करायचं सुचलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं मामा, तुम्ही साठ पार्ट चालवताय त्याचे नव्वद करायचेत, ते तुम्ही मोकळे झाल्याशिवाय होणार नाहीत. नुसतं बोललो नाही, त्याच महिन्यात पगार वाढवला आणि नवीन जॉब बसवायचं काम पूर्ण त्यांच्याकडं दिलं. प्रत्येक शीटवर त्यांची सही असते. ज्यांच्याकडं असा एक जुना माणूस आहे त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधी हे बोलणं करा, नाहीतर तो सांगेल सगळं आणि नेमकं एक ठेवेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

२०१८ ला सर्टिफिकेट २०१५ च्या आवृत्तीवर न्यावं लागलं तेव्हा मी स्वतः बसून वाचलं. त्यात त्या सहा प्रोसिजरची पण सक्ती काढलेली, क्वालिटी मॅन्युअलची पण. काम बरोबर होतंय याची खात्री पटायला तुम्हाला जेवढं लागतं तेवढं ठेवा असा त्याचा अर्थ. तीन फायलींची एक झाली आणि ऑडिटरला आम्ही थेट मशीनवरच नेलं.

मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद, माल ना येतोय ना जातोय. मामांचं घर शिरोळ तालुक्यात, पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. इकडं रस्ता सुरू झाला आणि सगळ्या गिऱ्हाइकांचे फोन एकदम, आणि त्यात तोच ६२ च्या बोअरचा हाउसिंग. मामा तीन आठवडे आले नाहीत आणि आम्ही त्यांना एकही फोन केला नाही. एकदा त्यांनीच केला. दुसऱ्या शिफ्टच्या त्याच पोरानं उचलला. "प्रेशर किती ठेवलंयस?" "आठ, मामा." एवढंच बोलून त्यांनी ठेवला म्हणे, घर धुवायचं होतं.

आता सात मशीन आहेत, सत्तावीस माणसं. शीट सगळ्या नाहीत अजून, आणि माझं स्वतःचं काम तर अजिबात लिहिलेलं नाही. कोटेशन मीच करतो, ड्रॉइंग बघून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, सांगतो, कुठल्या गिऱ्हाइकाला किती दिवसांचं उधार चालेल ते ठरवतो, आणि गेल्या दिवाळीत कोकणात गेलो होतो तर फोन माझाच वाजत होता. बायको अकाउंट बघते, तिनं शेवटी वही काढली. परवापासून मी कोटेशन करायला बसलो की ती शेजारी बसते आणि प्रत्येक आकड्याला विचारते, हा का? निम्म्या आकड्यांना माझ्याकडं अजून उत्तर नाही.