अजून एक वर्ष द्यावं का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा गोठ्यात विचारतात. म्हशीला इंजेक्शन देऊन झालं, हात धुतले, चहा आला की मालक विषय काढतो, "मॅडम, पोरगी नीटला बसायली. यंदा बी नंबर लागला नाही. अजून एक साल बसवावं का?" फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. मलाच का, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. मी लातूरला राहून नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची देशभरची परीक्षा, रिपीट केली, एमबीबीएसला नंबर लागला नाही, आणि पुढं परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून गुरांची डॉक्टर झाले. विचारणाऱ्याला माझ्या तोंडून "सोडून द्या" ऐकायचं असतं, नाहीतर "जिद्द सोडू नका" ऐकायचं असतं. उभ्या उभ्या मला दोन्हीतलं काहीच बोलवत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत बसून सांगते. गेल्या वर्षापेक्षा यंदा वेगळं काय करणार, हे पोरीला स्वतःच्या तोंडानं सांगता येत असेल तर वर्ष द्या. आणि ती "आता बास" म्हणाली तर घरात तिची मान खाली जाणार नाही, हे आधी ठरवून मग द्या. यातलं एक जरी नसेल तर देऊ नका, मग मार्क कितीही जवळ आलेले असोत.

आधी हिशोब बघा, कारण नंबर न लागण्याचा अर्थ घरोघरी चुकीचा लावला जातो. 2025 ला देशभरातून बावीस लाखांवर मुलं नीटला बसली. त्यातली बारा लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख, आणि त्यातही आपल्यासारख्यांना परवडणाऱ्या सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांपैकी नऊ जणांना जागाच नाही. ही नऊ मुलं ढ नाहीत. "पोरगी क्वालिफाय झाली" म्हणून गावात पेढे वाटतात आणि चार महिन्यांनी "कुठंच लागलं नाही" म्हणून तीच माणसं तिच्याकडे संशयानं बघतात. क्वालिफाय होणं आणि जागा मिळणं यात किती अंतर आहे हे आईबापाला तरी माहीत पाहिजे.

मार्कांचंही तसंच. 2024 च्या पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 पडले होते. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. तेव्हा "गेल्या वर्षीपेक्षा साठ मार्क कमी आले, पोरीचं लक्ष उडालं" असं म्हणणारा बाप भेटला की मी त्याला आधी रँक विचारते. रँक सुधारली असेल आणि मार्क घटले असतील, तर पोरगी पुढं गेली आहे. दोन वर्षांच्या मार्कांची अशी तुलना करून लेकराला बोल लावू नका.

माझ्या वेळी आणखी एक गोष्ट होती. राज्यात सत्तर-तीसचा कोटा होता. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, आणि मराठवाड्यात सरकारी कॉलेजं मोजकी. औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. उरलेल्या महाराष्ट्रात ज्या मार्कांवर जागा मिळायची त्या मार्कांवर आमच्याकडं मिळायची नाही, ही सल आमच्या वेळच्या कितीतरी मुलांच्या मनात आहे. सप्टेंबर 2020 मध्ये तो कोटा रद्द झाला. मग धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली अशी कॉलेजं सुरू झाली आणि आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तुमच्या पोरीसमोरचं दार माझ्यापेक्षा थोडं रुंद आहे, हे मी मनापासून सांगते. त्याचं मला बरं वाटतं.

आता त्या नकाराविषयी. बाहेरच्यांना वाटतं, निकाल लागला, रडारड झाली, संपलं. तसं नसतं. नकार हप्त्याहप्त्यानं येतो. निकाल जूनमध्ये. मग राज्याची गुणवत्ता यादी, मग पहिला राउंड, दुसरा, तिसरा, आणि शेवटी उरलेल्या जागांचा राउंड. दर राउंडला सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे प्रवेश करणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर पीडीएफ पडते. आमच्या गावात रेंज फक्त गच्चीवर यायची. शेकडो पानांची ती फाइल मोबाइलवर उघडता उघडता अडकायची. शोधायच्या रकान्यात अर्ज क्रमांक टाकायचा, गोल फिरत राहायचं, आणि मग क्रमांक सापडला नाही असं यायचं. मी क्रमांकातला एखादा आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा टाकायची. खाली अंगणात आबा काही न विचारता उभे असायचे. मी जिन्यानं उतरताना ते गुरांना वैरण टाकायला निघून जायचे, मला बोलावं लागू नये म्हणून.

असं दिवाळीपर्यंत चालतं. तोवर लातूरच्या रिपीटर बॅचेस निम्म्या शिकवून झालेल्या असतात, बीएस्सीचे प्रवेश बंद झालेले असतात, आणि तिथल्या क्लासेसच्या उद्योग भवन परिसरात नंबर लागलेल्या मुलांचे फोटो असलेले फ्लेक्स पावसानं फिके पडलेले असतात. लेकरू ना इकडचं ना तिकडचं. म्हणून माझं सांगणं असं की, निर्णय शेवटच्या राउंडवर टांगून ठेवू नका. पहिल्या यादीत आपण कुठं आहोत आणि गेल्या वर्षी त्याच प्रवर्गात कुठवर जागा गेल्या, हे जुन्या याद्या काढून बघा. त्यावरून अंदाज येतो. शक्यता नसेल तर नसेल. ऑगस्टमध्ये कळलेलं दुःख दिवाळीत कळलेल्या दुःखापेक्षा सोसायला सोपं असतं.

आणि यंदा वेगळं काय करणार, हा प्रश्न. याचं उत्तर "जास्त अभ्यास करणार" असं आलं तर ते उत्तर धरू नका. रिपीटर मुलं अभ्यासात कमी पडत नाहीत. पहाटे उठतात, अभ्यासिकेत बसतात, मेसचा डबा पुस्तकासमोर खातात. अडतं दुसरीकडंच. जे येतं तेच पुन्हा वाचायला मनाला बरं वाटतं. 180 प्रश्नांत 90 बायोलॉजीचे. बायोलॉजी पाठ झालेली असते, म्हणून मुलं तीच पुन्हा पुन्हा करतात. 360 पैकी 320 होते ते 330 होतात. आणि फिजिक्सचे 45 प्रश्न जिथं होते तिथंच राहतात.

माझ्या रूमवर कंधारकडची एक मुलगी होती. उत्तरतालिका आली की ती वहीत तीन रकाने आखायची. पहिला, "आलंच नाही." दुसरा, "येत होतं, चुकलं." तिसरा, "तुक्का." प्रत्येक चुकलेला प्रश्न कुठल्यातरी रकान्यात गेलाच पाहिजे, हा तिचा नियम. बरोबर आलेला प्रश्नसुद्धा तुक्का असेल तर ती तिसऱ्या रकान्यात टाकायची. तिनं माझा पेपरही तसाच मांडायला लावला. फिजिक्सचा पहिला रकाना पानभर झाला, आणि त्यातले बहुतेक धडे अकरावीचे निघाले. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी अकरावीचं फिजिक्स कुणी धड शिकवलंच नव्हतं, सगळी धाव बारावीच्या बोर्डासाठी. तिसऱ्या रकान्यानं वेगळंच दाखवलं. बरोबरला चार मिळतात, चुकीला एक जातो, त्यामुळे रागारागानं किंवा घाईनं ठोकलेले वीस प्रश्न रँक कुठल्या कुठं नेऊन ठेवतात. ती मुलगी पुढच्या वर्षी लागली. आज ती सरकारी दवाखान्यात आहे. तिच्याकडे दुसऱ्या रकान्याचं, म्हणजे येत असून चुकलेल्याचं प्रमाण जास्त होतं, आणि ते एका वर्षात भरून निघण्यासारखं असतं. पहिला रकाना भरलेला असेल तर एक वर्ष पुरेलच असं नाही. तुमच्या लेकीला हे तीन रकाने मांडायला लावा. तुम्हाला फिजिक्स कळायची गरज नाही, रकाने मोजता येतात.

पोरीचं म्हणून वेगळं सांगावंच लागतं. पोरगा ड्रॉप घेतो, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा बसतो, तेव्हा घर पैसे मोजतं. पोरगी ड्रॉप घेते तेव्हा घर तिचं वय मोजतं. सोयाबीन विकून, हातउसनं करून क्लासची आणि हॉस्टेलची फी भरायची, आणि त्याच घरात मामा येऊन सांगतो, "एक चांगलं स्थळ आहे, बघून तर घ्या." त्या वर्षभर पोरीच्या डोक्यावर टांगलेलं असतं की लागलं नाही तर लग्न. अशा धाकात अभ्यास होत नाही. वर्ष द्यायचं असेल तर तेवढ्या काळात स्थळाचा विषय घरात निघणार नाही, हे बापानं सगळ्या नातेवाइकांना स्पष्ट सांगावं. ते सांगायची तयारी नसेल तर फी भरून काय उपयोग?

मी कशी थांबले, हेही विचारतात. नीटला आता वयाची वरची अट नाही, कितीही वेळा बसता येतं. म्हणजे परीक्षा तुम्हाला थांबवत नाही, कुणीतरी घरातच थांबायचं म्हणावं लागतं. आबा म्हणत होते, "बस अजून एकदा, पैशाचं मी बघतो." त्यांच्या चांगुलपणामुळंच माझ्या तोंडून नाही निघत नव्हतं. त्यांनी रागावून नाही म्हटलं असतं तर मी भांडून गेले असते. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता माय म्हणाली, "त्या रूमवर परत जावं वाटायलंय का तुला?" अभ्यास, मार्क, डॉक्टर, काही नाही. फक्त रूम. मला ती खोली दिसली, पलंगाखालच्या ट्रंका, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं, आणि पोटात गोळा आला. मी नाही म्हणाले. माय म्हणाली, "मग मी सांगते आबाला." आबा चार दिवस कमी बोलले. पाचव्या दिवशी कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्यासोबत परभणीच्या गाडीत बसले.

पशुवैद्यकीय हीच माझी खरी आवड होती, असं मी म्हणणार नाही. आजही कुणाला भेटायला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले आणि ॲप्रन घातलेल्या मुली जिन्यावरून हसत उतरताना दिसल्या की घशात काहीतरी येतं. ते जाईल असं वाटत नाही, आणि ते गेलंच पाहिजे असंही मला आता वाटत नाही. पण 2022 ला लम्पी हा गुरांचा साथीचा रोग आला तेव्हा आम्ही विद्यार्थी लस टोचायला गावोगाव हिंडत होतो. एका घरी लाल कंधारी बैलाच्या अंगभर गाठी, पाय सुजलेले, आणि म्हातारे मालक त्याच्या तोंडाशी ओला चारा धरून बसलेले. मला बघून म्हणाले, "डॉक्टर आल्या, आता उठ." बैलाला सांगत होते. त्या दिवशी मी कुठल्या यादीत नव्हते हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला त्याचा ताप उतरवायचा होता.

आता कामाचं. पोरगी पुन्हा बसणार असली तरी दुसरे अर्ज भरूनच ठेवा. पशुवैद्यकीयचा प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतो, पण त्याचा अर्ज सीईटी सेलकडं नसतो, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं वेगळा भरावा लागतो. हे माहीत नसल्यानं दरवर्षी कितीतरी मुलांचं वर्ष जातं. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं कॉलेज आहे. नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी असते. फार्मसी आणि कृषीला एमएचटी-सीईटी लागते. जात पडताळणी आणि नॉन क्रिमीलेयर आत्ताच काढा. मार्क असून कागदासाठी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि निकालाच्या दिवसांत लेकरू जेवेना, झोपेना, "माझा काही उपयोग नाही" असं बोलू लागलं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. त्या वेळी रिपीटचा विषयच काढू नका.

माझी मामेबहीण यंदा पुन्हा बसते आहे, आणि बसू दे म्हणणारी मीच आहे. तिचा दुसरा रकाना भरलेला आहे. यंदा क्लास बदलायचा नाही, फक्त रोज वेळ लावून फिजिक्सचे पेपर सोडवायचे, हे तिनं स्वतः ठरवलं आहे. बीएस्सीला नाव घातलेलं आहे. मामानं स्थळं आणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं. पशुवैद्यकीयचा अर्जही ती भरणार आहे, आणि नको वाटलं तर मधेच सोडून घरी यायची मुभा मामीनं तिला सगळ्यांसमोर दिली आहे. तुमच्या घरी असं असेल, तर द्या वर्ष.