नुसते 'ग्लीसन ७' लिहून भागत नाही

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे पॅथॉलॉजी रिपोर्ट वाचून त्यांतील निष्कर्षांना संकेतांक देण्याचे काम मी करतो. या कामात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी नोंद म्हणजे नुसते 'ग्लीसन ७'. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशींची रचना जितकी बिघडलेली दिसते तितकी तिची प्रत, म्हणजे अंक, मोठा असतो, आणि अशा दोन अंकांची बेरीज म्हणजे ग्लीसन गुण. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीत सर्वाधिक भाग व्यापणाऱ्या रचनेचा अंक आधी लिहितात आणि त्याखालोखालच्या रचनेचा नंतर. सुईने घेतलेल्या बायप्सीत मात्र दुसरा अंक उरलेल्यांपैकी सर्वांत उच्च प्रतीचा असतो. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ येते, परंतु दुसऱ्यात चौथ्या प्रतीच्या, म्हणजे अधिक बिघडलेल्या रचनेचे वर्चस्व असते आणि त्या रुग्णाचा धोका अधिक असतो. म्हणूनच २०१४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने जे पाच ग्रेड ग्रुप (धोक्याच्या चढत्या पायऱ्या) पुढे आणले, त्यांत ३+४ ला ग्रुप २ आणि ४+३ ला ग्रुप ३ मिळाला. संगणकात केवळ ७ ही बेरीज साठवली असेल, तर त्यावरून ग्रुप कोणालाही काढता येत नाही. दोन्ही अंक वेगळ्या रकान्यांत घ्यावेत आणि बेरीज संगणकाने करावी, असा माझा आग्रह आहे.

कर्करोग नोंदणीतले सी६१.९ आणि ८१४०/३ हे संकेतांक अवयव आणि गाठीचा प्रकार सांगतात. शेवटचा ३ ती घातक (कर्करोगाची) असल्याचे दाखवतो. तेवढ्यावरून गाठ ग्रंथीबाहेर गेली आहे की नाही (प्रसाराच्या टप्प्याच्या खुणेत पीटी३ए), वीर्यकोशात शिरली आहे की नाही (पीटी३बी), छेदाच्या कडेवर कर्करोग उरला आहे की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. उपचारांची दिशा मात्र बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती नकाराची. मज्जातंतूभोवती प्रसार 'आढळला नाही', 'ठरवता आले नाही' आणि 'रिपोर्टात उल्लेखच नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण रिकामा रकाना तिघींना एकच करून टाकतो. पुढे कोणी त्या माहितीवर अभ्यास केला, की ज्याची तपासणीच नोंदवलेली नाही तो रुग्ण 'प्रसार नसलेल्यां'मध्ये मोजला जातो. क्रिब्रिफॉर्म, म्हणजे चाळणीसारख्या छिद्रांच्या रचनेच्या बाबतीत हे विशेष जाणवते, कारण तिचे महत्त्व अलीकडे ठळक झाल्यामुळे जुन्या रिपोर्टांत तिचा उल्लेख बहुधा सापडत नाही. त्या मौनाला 'नाही' असा संकेतांक देणे चूक आहे.

रकान्यांचा साचा असला, की पॅथॉलॉजिस्टला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, म्हणून मला तो मोकळ्या परिच्छेदापेक्षा भरवशाचा वाटतो. तरीही मूळ वाक्य संकेतांकाच्या शेजारी जपून ठेवावे, कारण उद्या वर्गीकरण बदलले, तर नवा संकेतांक जुन्या संकेतांकावरून अंदाजाने न ठरवता त्या वाक्यावरून ठरवता येतो.