बारा चित्रांची ऑर्डर

मी करसल्लागार आहे. माझे बहुतेक पक्षकार आडतदार, हार्डवेअरवाले, फरसाणवाले. पण महिन्यातून एक शनिवार मी नाशिकच्या पंचवटीतल्या एका चित्रकार गटासाठी राखून ठेवते आणि तो शनिवार मला मनापासून आवडतो. गटाचा पसारा फार मोठा नाही. रविवारी सकाळी गोदाघाटावर स्केचिंग, मे महिन्यात मुलांचं शिबिर, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचा सराव, दिवाळीच्या तोंडावर पणत्या, भेटकार्डं आणि छोट्या चित्रांचं प्रदर्शन. सभासदांत निवृत्त कलाशिक्षक आहेत, ओझरच्या कारखान्यातला ड्राफ्ट्समन आहे, नाशिकरोडच्या नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, पेठ तालुक्यातून एसटीने येणारा वारली चित्रं काढणारा मुलगा आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी ज्या गावाचं निसर्गचित्र नावारूपाला आणलं, त्या गावात आजही माणसं पाण्याचा डबा आणि बोर्ड घेऊन नारोशंकराच्या देवळासमोर बसतात, याचं मला अप्रूप आहे. त्यांच्या व्यवहाराची कुणीतरी काळजी घ्यायला हवी म्हणून मी जाते.

त्या शनिवारीही सुरुवात नेहमीसारखीच झाली. जीएसटीचं भय सगळ्यांत मोठं. वर्षाला पाच-सात चित्रं विकणारा माणूसही नोटीस येईल म्हणून बिल द्यायला घाबरतो. मी सांगते, राज्यातल्या राज्यात नुसती चित्रं विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. शिकवणीची फी किंवा चित्र छापू देण्याचे पैसे त्यात आले, की ती सेवा झाली आणि मर्यादा 20 लाखांवर येते. दोन्ही आकडे ऐकून माणसं खुर्चीत जरा सैल बसतात. मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद. ती सरकारी पोर्टलवर आधारवर फुकट होते, तरी कुणीतरी एजंटला पैसे मोजून आलेलं असतंच. तिचा खरा उपयोग उधारीत होतो. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे आणि थकवले तर चक्रवाढ व्याज लागतं. ‘बघू, देऊ’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे एका ओळीत लिहून पाठवलं तरी पुष्कळदा काम होतं.

एवढं होईपर्यंत बाई मागच्या रांगेत बसून होत्या. त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, खोलीतले निम्मे लोक त्यांच्याच हाताखालचे, म्हणून सगळ्यांच्या त्या बाई. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सिंहस्थाच्या आधी नूतनीकरण करणाऱ्या एका हॉटेलची ऑर्डर होती. जुन्या नाशिकची बारा जलरंगातली चित्रं.

“मॅडम, फ्रेमसकट पंधराशे सांगितलेत एकाचे. जास्त नाही ना झाले?”

मी त्यांना तिथेच कागदाच्या पाठीमागे खर्च मांडायला लावला. फ्रेम, माउंट आणि काच मिळून 1,050. फुल शीटचे चार तुकडे केले की एक तुकडा 160 ला पडतो, पण जलरंगात कागद वाया जातोच, मनासारख्या एका चित्रामागे एक तरी. म्हणजे 320. रंगाची बेरीज अजून केलीच नव्हती आणि 1,370 झाले. उरले 130 रुपये. त्यात घाटावरची सकाळ, घरी पुन्हा केलेलं चित्र, फ्रेमवाल्याकडे रिक्षाच्या दोन फेऱ्या. बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. “हौस म्हणून करते हो मी,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी या गटात फार ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं. फ्रेमवाल्याला त्याचे पैसे मिळतात, कागदवाल्याला मिळतात, आणि जिच्यामुळे ही सगळी खरेदी झाली तिच्या वाट्याला हौस येते.

भावाचं बोलणं चालू असताना माझी नजर ऑर्डरच्या मजकुरावर गेली. आमच्या धंद्यात कागद शेवटपर्यंत वाचायची सवय लागते. चित्रं आडवी, सर्व एका मापाची. वरचा एक तृतीयांश भाग मोकळं आकाश ठेवावं. चित्रांसोबत मोठ्या रिझोल्यूशनच्या स्कॅन प्रती द्याव्यात. भिंतीवर लावायच्या चित्राला स्कॅन कशाला? मी विचारलं, “बाई, हॉटेलला खोल्या किती?”

“अठरा म्हणाले.”

“मग चित्रं बाराच का?”

प्रेसमधले काका उठून जवळ आले. त्यांनी चष्मा चढवला आणि विषयांच्या यादीवरून बोट फिरवलं. रंगपंचमीची राहाड, म्हणजे रंगाने भरलेला हौद. काळारामाचा रथ. पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी. नवरात्रातली कालिकेची यात्रा. मध्ये मध्ये द्राक्षाचा बाग, सरकारवाडा, तांबट आळी. “अहो, ही तर महिन्यांची यादी आहे,” काका म्हणाले. “मार्चपासून वाचा. कॅलेंडर आहे हे.”

खोलीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं फसवणूक आहे, कुणी म्हणालं ऑर्डर परत करा. मला तसं वाटलं नाही. ज्याला फसवायचं आहे तो आकाश मोकळं ठेवा असं लिहून देत नाही. त्या माणसाला यात वेगळं काही सांगण्यासारखं आहे हेच ठाऊक नव्हतं. पण कायदा काय म्हणतो ते मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते ऐकून गलका बंद झाला.

कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 17 प्रमाणे चित्राचा पहिला हक्कदार चित्रकार. बाईंनी आपल्या मनाने दुतोंड्या मारुती रंगवला आणि तो कुणी विकत घेतला, तर त्याला भिंतीवर लावायला चित्र मिळालं, छापायचा हक्क बाईंकडेच राहिला. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्कदार तो सांगणारा. तोच मारुती, तोच हात, तोच कागद. ऑर्डर घेऊन काढला की कॅलेंडर, पिशव्या, मग, हॉटेलचं मेन्यूकार्ड, सगळीकडे तो छापायला बाईंना विचारायची गरज उरत नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं चालणारा हक्क बाई पंधराशेत, त्यातही फ्रेम घालून, देऊन बसल्या असत्या.

“मग आता?” ड्राफ्ट्समननी विचारलं.

आता सगळं ‘उलट काही ठरलेलं नसेल’ या शब्दांवर होतं. बाईंनी अजून ब्रश भिजवला नव्हता. ठरवायला वाव होता.

फोन करायला बाई तयार होईनात. हॉटेलचे मालक त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मित्र. “त्यांना वाटेल बाई पैशाच्या मागे लागल्या.” शेवटी त्यांच्याच परवानगीने मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मालक मोकळेपणाने बोलले. हो, कॅलेंडर काढायचं आहे, 2027 चं, सिंहस्थाला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला. दोन हजार प्रती. “पण मॅडम, पैसे मी देतोय ना? मग चित्रं माझीच की.”

मी सांगितलं, “साहेब, आज कागदावर काहीच नाही, त्यामुळे कायदाही तुमच्याच बाजूने बोलेल. म्हणून तर काम सुरू व्हायच्या आधी फोन केलाय. भिंतीवरच्या चित्राचा भाव वेगळा आणि दोन हजार घरांत जाणाऱ्या चित्राचा वेगळा. बाईंनी पहिलाच सांगितलाय.”

थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग ते म्हणाले, “काय अपेक्षा आहे सांगा.” आम्ही बसून आकडा काढलाच होता. घासाघीस झाली, तीही रीतसर. चित्राचे चार हजार, फ्रेम हॉटेलने आपली करून घ्यायची. कॅलेंडरच्या परवानगीचे एकरकमी पंधरा हजार. निम्मी रक्कम आगाऊ. हे सगळं चालू असताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाचा व्यवहार चालला आहे.

मग मालक सहज बोलून गेले, “आणि ते आकाश मोकळं ठेवा हां, डिझायनर तिथे हॉटेलचं नाव टाकणार आहे.”

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“आकाशावर नाव नाही यायचं,” त्या म्हणाल्या. तो आवाज वर्गातला होता. “जलरंगात आकाश एका दमात रंगवावं लागतं. ओल्या कागदावर ओला रंग, तो वाळायच्या आत सगळं ठरलेलं असावं लागतं. पुराच्या दिवसातलं आकाश वेगळं, रथाच्या दिवसातलं वेगळं. त्याच्यावर अक्षरं बसवायची असतील तर मी ते रंगवणारच नाही. मग तुमचे पैसे राहू द्यात.”

भावासाठी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, त्या आकाशासाठी पूर्ण ऑर्डर सोडायला निघाल्या होत्या. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते अजून तसंच आहे. मालकही ऐकून घेणारे निघाले. “बरं बाई, नाव खाली पांढऱ्या पट्टीवर घेऊ,” ते म्हणाले, आणि तो मुद्दा मिटला.

फोन ठेवल्यावर मी गटाला सांगितलं, की बाईंचं म्हणणं नुसतं रागाचं नव्हतं, त्याला कायद्याचाही आधार आहे. कलम 57. हक्क विकून टाकला तरी आपल्या कामाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर चित्रकार हरकत घेऊ शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य म्यूरल 1979 मध्ये काढून टाकलं गेलं, त्याचे भाग नीट सांभाळलेही गेले नाहीत. ते सरकारविरुद्ध लढले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. किती वर्षं लागली ते पाहा. म्हणून मी म्हणते, कोर्टाच्या भरवशावर राहू नका, आधी लिहून घ्या.

पत्र तिथेच लिहिलं, साध्या मराठीत, एक पान. मूळ चित्रं हॉटेलची, छापायचा हक्क बाईंचा. परवानगी फक्त 2027 च्या कॅलेंडरपुरती, इतर कुठल्याही वापराला वेगळं विचारायचं. मुदत मुद्दाम लिहिली, कारण लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. प्रतींची संख्या लिहायचा आग्रह काकांचा. “आमच्याकडे फाटलेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागायचा,” ते म्हणाले. “छापणं म्हणजे मोजणं.” त्यांनी ‘दोन हजार’ अक्षरी लिहायला लावलं. चित्रावर सही आणि कॅलेंडरवर चित्रकाराचं नाव, हेही आलं. शेवटचं कलम बाईंनी स्वतः सांगितलं: चित्रावर कुठेही मजकूर छापू नये, आणि छपाईचा पहिला नमुना रंग तपासायला दाखवावा.

पेठचा मुलगा हे सगळं वहीत उतरवून घेत होता. त्याच्या भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढून एका दुकानदाराला पिशव्यांवर छापायचे होते. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे हे त्याला माहीत होतं, मग आणखी कागद कशाला असा त्याचा प्रश्न. मानांकन त्या कलेच्या नावाचं रक्षण करतं, मी म्हटलं, तुझ्या एकेका चित्राचं नाही. त्यावर त्याने जे विचारलं त्याने मला विचारात पाडलं. “मॅडम, लग्नात भिंतीवर काढायचा चौक तर आमच्या आज्या काढत आल्या. त्याच्यावर माझा हक्क कसा सांगू?”

चौक तुझा एकट्याचा नाही आणि तो तसा सांगूही नकोस, मी म्हणाले. पण द्राक्षाचं पॅकिंग, क्रेटच्या रांगा, टेम्पोत चढणारी माणसं, हे तू तुझ्या डोळ्यांनी पाहून मांडलंस. ती मांडणी तुझी. त्याने मान डोलावली. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. समाजाच्या मालकीचं जे आहे त्याला आपला कॉपीराइट कायदा नीट हात घालत नाही, आणि हे दुखणं त्याच्या प्रश्नात होतं. पिशव्यांसाठी त्याने पॅकिंगचीच चित्रं द्यायची ठरवली. चौक द्यायचा नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलं.

हॉटेलच्या मालकांनी पत्रातला एकच शब्द बदलून मागितला. ‘कॅलेंडर’च्या जागी त्यांना ‘भिंतीवरचं कॅलेंडर’ हवं होतं, टेबलवरचं पुढे काढलं तर वेगळं ठरवू म्हणाले. त्यात बाईंचा फायदाच होता. सही होऊन आगाऊ रक्कम बाईंच्या खात्यात आली. राहाड, रथ आणि सरकारवाडा झाले आहेत. दुतोंड्या मारुतीसाठी बाई पावसाची वाट बघतायत, आठवणीतून पूर रंगवायला त्या तयार नाहीत.