मिरगाच्या पावसात, चिमूरकडच्या धुऱ्यावर

उमरेड, भिवापूर मागे पडलं की चिमूरच्या रस्त्याला कुठे धानाच्या बांध्या दिसतात, कुठे सोयाबीनसाठी वखरून ठेवलेली वावरं. मिरगाचे पहिले पाऊस नुकतेच पडून गेले होते. या रस्त्याने लोक ताडोब्याचे वाघ बघायला जातात. मी निघाले होते मामांच्या वावरातले सरडे बघायला, आणि त्यासाठी जूनसारखा दुसरा महिना नाही.

कुंपणाच्या काट्यांवर नर जागोजागी बसले होते. डोक्यापासून खांद्यापर्यंत लालबुंद, पुढच्या पायांवर उठबशा काढत एकमेकांना दटावणारे. मी तिथेच रमले असते, पण मामांनी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, हळूच हाक दिली. "इकडं ये वं बाई. आवाज नको करू, ते माती काढून राहिली."

पळसाच्या बुडाशी मादी खड्डा खणत होती. मळकट तपकिरी, पोट दोन्ही बाजूंनी टरारलेलं. पुढच्या पायांनी माती उकरायची, थांबायची, मान वळवून आजूबाजूला बघायचं, पुन्हा उकरायची. मग वळून शेपटीकडची बाजू तिने खड्ड्यात घातली आणि एकेक अंडं बाहेर येऊ लागलं: पांढरं, लांबट, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. मोजायचा मोह मी आवरला. जवळ गेलं असतं तर ती अर्धवट सोडून पळाली असती. शेवटी सगळी माती ओढून घेतली आणि नाकाडाने ठोकून ठोकून जागा अशी सपाट केली की नजर हलली तर ती पुन्हा सापडू नये. पोटाला वळ्या पडल्या होत्या. गवतात शिरली ती परत आली नाही. पिल्लं बघायला ती येतच नाही. पोळ्याच्या आसपास ती आपली आपणच बाहेर पडतात.

म्हणून ही जागा आणि ही वेळ एवढंच काय ते तिच्या हातात असतं. या अंड्याचं कवच मऊ असतं. मातीतली ओल शोषून ते फुगतं, माती कोरडी राहिली तर आतला जीव सुकतो. मग पाऊसच लांबला तर? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी याच जातीच्या माद्यांवर काम केलं आहे. अंडी घालायला योग्य जागा मिळाली नाही तेव्हा माद्यांनी ती पोटातच अडवून धरली आणि आतल्या गर्भाची वाढ थबकली. पाऊस ताणला की मामाही बियाणं घरात ठेवून आभाळाकडे बघत बसतात, तसंच हे.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. अंडी अडवून धरण्याचा काळ पिढ्यानपिढ्या वाढत गेला की शेवटी अंड्याऐवजी पिल्लूच जन्माला येतं. सरडे आणि सापांच्या कुळात असं शंभराहून जास्त वेळा, स्वतंत्रपणे घडलं आहे. त्याचं उदाहरण मामांच्या कुटाराच्या ढिगाखालीच असतं: परड, म्हणजे घोणस. ती पावसाळ्याच्या तोंडाला एका वेळी बहुधा २० ते ४० पिल्लं देते आणि प्रत्येक पिल्लू जन्मतःच विषारी. ऑस्ट्रेलियाचे सरीसृप-अभ्यासक रिक शाइन यांनी १९९५ मध्ये मांडलं की पोटातल्या पिल्लांना आई हवं ते तापमान देऊ शकते; ऊन-सावली निवडणं तिच्या हाती असतं. मेमध्ये ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात मला हे चटकन पटलं.

दुसऱ्या दिवशी कोलारा गेटमधून आत गेले. ताडोब्याच्या तलावाकाठी मगर पडलेली होती, जबडा उघडा. मगरीच्या अंड्यात नर की मादी हे खड्ड्यातलं तापमान ठरवतं: साधारण ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या, ३२.५ च्या आसपास नर. दीड अंशाचा खेळ. उन्हाळे असेच तापत गेले तर काय, हा प्रश्न मला तिथून उठेपर्यंत सोडत नव्हता.

काळजी धुऱ्याचीही वाटते. गावोगावी धुरे पेटवतात, तणनाशक मारतात, ट्रॅक्टरने खेटून नांगरतात. नांगर न लागलेली माती वावरात तेवढीच उरते, आणि मादी येते तीही तिथेच. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पळसापाशी तर मी हात लावत नाही आता."

निघायच्या दिवशी मामींनी तुळशीची कुंडी हलवली आणि खालून गांडुळाएवढा चकचकीत काळा वाळा साप निघाला. त्या मारायला धावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "हा नर हाय का मादी?" वाळा या जातीत सगळ्या माद्याच असतात, असं मी सांगितलं. "मंग लगन कोणासंग लागते वं?" कोणाशीच नाही, मामी. नराशिवायच अंड्यांत जीव धरतो, निघणारी पिल्लंही माद्याच. त्यामुळे कुंडीतल्या मातीबरोबर एकटी मादी जहाजावर चढली तरी पुरते. असाच हा आपल्या वावरातला साप आफ्रिका, अमेरिका आणि भर समुद्रातल्या बेटांपर्यंत पोहोचला आहे.