अप्पर लिंब आणि आमच्या मॅडम

आपल्या मेडिकल कॉलेजच्या सुवर्ण महोत्सवाचं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या अ‍ॅनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, मॅडम. नाव लिहायची गरज नाही. आपल्या डिसेक्शन हॉलमध्ये, मृतदेहावर शरीररचना शिकत, पहिलं वर्ष काढलेल्या कुणालाही कळेल. बाकीच्या शिक्षकांचे उपकार मोठेच आहेत, पण आज मी फक्त मॅडमबद्दल लिहिणार.

अप्पर लिंबच्या, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताच्या, पार्टच्या परीक्षेला आम्ही ब्रेकियल प्लेक्सस घोकून जायचो. मानेच्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या नर्व्हमधून (मज्जातंतूमधून) विणलेलं ते जाळं फळ्यावर झरझर काढता आलं की सुटलो, असं वाटे. मॅडम हातातून खडू काढून घेत. "खांद्याच्या डेल्टॉइड स्नायूला अ‍ॅक्झिलरी नर्व्ह, दंडामागच्या ट्रायसेप्सला रेडियल, हे पुस्तकात आहे. ती नर्व्ह गेली तर माणसाचं घरी काय अडेल, ते सांग." मग सांगावं लागे: अ‍ॅक्झिलरी गेली तर दोरीवर कपडे टाकायला हात वर जाणार नाही. रेडियल गेली तर मनगट लोंबेल, आणि बोटं मिटणारे स्नायू शाबूत असूनही मूठ घट्ट बसणार नाही.

एकदा अल्नर, म्हणजे कोपरामागून करंगळीकडे जाणारी नर्व्ह, शिकवताना त्यांनी हॉलच्या शिपाईमामांना बोलावलं. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एसटीचं तिकीट धरायला सांगितलं आणि दुसरं टोक स्वतः ओढलं. डाव्या हाताचा अंगठा सरळ राहिला, उजव्याचा पेरातून वाकला. हीच फ्रोमेंटची खूण. अंगठा आत दाबणारा अ‍ॅडक्टर पॉलिसिस अल्नरवर चालतो. तो दुबळा झाला की मीडियन या दुसऱ्या नर्व्हच्या फांदीवरचा फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस त्याचं काम उचलतो, म्हणून अंगठा वाकतो. पण मॅडमनी त्या दिवशी यातलं काहीच सांगितलं नाही. मामांच्या कोपरामागे चाचपून पाहिलं, करंगळीला कापूस लावून विचारलं, तास थांबवला आणि त्यांना स्वतः स्किन ओपीडीत घेऊन गेल्या.

नर्व्ह बिघडवणारा कुष्ठरोग होता. वेळेत सापडला, औषधं पूर्ण झाली, हात वाचला. हे मामाच पुढे सगळ्यांना सांगत. काही मुलं त्यांच्या हातचा चहा टाळू लागली. मॅडम विभागाच्या दारात, आमच्या देखत, मामांनी आणलेला चहा घेत राहिल्या. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

आज मी नर्व्हच्याच शस्त्रक्रिया करतो. मोटारसायकलवरून पडून मानेतली मुळंच उपटली गेलेली तरुण मुलं येतात. अल्नरमधला तंतूंचा एक जुडगा काढून कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सच्या नर्व्हला जोडायचा, ही फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी १९९४ साली मांडलेली पद्धत. नर्व्ह दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि तोवर स्नायू वाळत असतो. म्हणून गावोगावच्या डॉक्टरांना सांगत असतो, वाट पाहू नका, सहा महिन्यांच्या आत पाठवा. कोपर पहिल्यांदा वाकतं तेव्हा मीही विचारतो, "घरी आता काय करता येतं?"

आमचं पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं होतं. १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आणलं. आता विद्यार्थ्यांना नर्व्ह स्क्रीनवर दिसते, चिमटीत येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्युझियममधला प्लेक्ससचा तो मोठा नमुना मॅडमनी रात्री थांबून स्वतः डिसेक्ट केला होता. बरणीवर फक्त विभागाचं नाव आहे. महोत्सव समितीने तिथे मॅडमचं नाव घालावं. बरणी आणि द्रावण बदलायचा खर्च मी देतो.