पेला-बुरशीची वही: आधी बूड, मग रंग

पेल्याच्या आकाराच्या बुरशींच्या दोन महिन्यांत सतरा नोंदी झाल्या. पहिल्या नऊ मी बाद केल्यात. रंग आहे, व्यास आहे, पण बुरशी कशावर उगवली होती ते नुसतं 'जमिनीवर' असं लिहून सोडलंय. हे उत्तर किती अपुरं आहे, ते दहाव्या नोंदीला कळलं.

चिखलात शेंदरी पेल्यांचा पुंजका होता, एकेक पेला मसुराच्या दाण्याएवढा. काठाला पापण्यांसारखे ताठ, काळपट केस, म्हणजे स्क्युटेलिनिया. पुन्हा 'जमिनीवर' लिहिणार होते, पण बोटाने चिखल सारला तर खाली पार कुजून भुसभुशीत झालेली फांदी! पेले लाकडावरच होते. या प्रजातीत (genus) काही जाती (species) लाकडावर येतात, काही मातीवर, म्हणून ही ओळ चुकली की पुढची ओळखही भरकटते. जात ठरवायला केसांची लांबी, केसांच्या बुडाला मुळासारखे किती फाटे आहेत ते, आणि बीजाणूंवरची नक्षी बघावी लागते. नक्षी पिकलेल्या बीजाणूंवरच नीट दिसते. माझे कच्चे निघाले, त्यामुळे नोंद प्रजातीपाशीच थांबवली.

शेणाचा तुकडा ओल्या टिपकागदावर झाकून ठेवला होता. बाराव्या दिवशी त्यावर ॲस्कोबोलसचे पिवळसर पेले आले. भिंगाखाली पेल्याचा वरचा भाग काळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसला. पिकलेले ॲस्कस, म्हणजे पेला-बुरशीच्या बीजाणूंच्या सूक्ष्म पिशव्या, पृष्ठभागाच्या वर डोकावतात, आणि प्रत्येकातले आठ जांभळे बीजाणू मिळून तो ठिपका होतो. सगळे ॲस्कस खिडकीच्या उजेडाकडे कललेले होते. डब्याच्या झाकणाला आतून जांभळी पूड चिकटली होती, इतक्या जोरात ते बीजाणू उडतात. अर्धा तास बघत बसले.

तपकिरी पेल्यांना आता रंगावरून नाव देत नाही. पातळ काप घेऊन आयोडीनचा थेंब सोडते. ॲस्कसचं टोक निळं झालं तर पेझिझा आणि तिच्या जवळच्या प्रजाती. ओटिडिया, टारझेटा यांचं टोक निळं होत नाही. हा निळा रंग चढताना बघणं मला फार आवडतं.

सायथस, म्हणजे आत अंड्यांसारखे दाणे असलेले इवले पेले, यादीतून काढलेत. आकार पेल्याचा असला तरी ती बुरशी छत्र्यांच्या (अळंब्यांच्या) गटातली, तिला ॲस्कस नसतात.

पुढची फेरी जळालेल्या जमिनीवर. पायरोनेमा आणि जिओपिक्सिसच्या काही जाती अशा जागी उगवतात. या वेळी राखेखालची माती, कोळसा आणि मुळं वेगवेगळी नोंदवणार आहे.